मास्तरांचं लिव्हर

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता, आणि ही गोष्ट कुणी विचारलं नाही तरी ते सांगत. त्यामुळे तुमच्या लिव्हरवर चरबी चढलीय असं डॉक्टरबाई म्हणाल्या तेव्हा मास्तरांना आपल्यावर चोरीचा आळ आल्यासारखं वाटलं.

"अहो, मी साधी बिअरसुद्धा चाखलेली नाही!"

"दारूच लागते असं थोडंच आहे?" बाईंनी रिपोर्टवर पेन टेकवलं. "उपाशीपोटीची साखर वाढलेली, ट्रायग्लिसराइड वाढलेलं, चांगलं कोलेस्टेरॉल कमी. ही तिन्ही एकत्र दिसली की आम्हाला लिव्हरची शंका येतेच. दिवसभर काय करता?"

"गाडीत बसतो. शिकाऊ माणसाशेजारी."

"आणि?"

"चहा पितो." किती साखरेचा, ते मास्तरांनी सांगितलं नाही. बाईंनी त्यांच्या पोटाकडे एकवार पाहिलं आणि विचारलंही नाही.

एरवी मास्तरांनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण या लिव्हरचा तुकडा ताईला द्यायचा होता. त्यांच्या थोरल्या बहिणीचं लिव्हर जुन्या काविळीने निकामी होत चाललं होतं, आणि घरात रक्तगट जुळला तो एकट्या मास्तरांचा. चरबी चढलेला तुकडा काढला तर देणाऱ्यालाही धोका, घेणाऱ्यालाही.

"तीन महिने देते," बाई म्हणाल्या. "त्याहून जास्त थांबणं तुमच्या ताईंना परवडणार नाही. आणि उपास करून वाळू नका, त्याने उलटंच होतं. नीट जेवा, गोड सोडा, चाला."

आई गेल्यावर याच ताईने मास्तरांना लहानाचं मोठं केलं होतं. त्या दिवशी ते रिकाम्या गाडीत बसून पोटभर रडले, मग गाडी तिथेच ठेवून चालत घरी गेले.

तेव्हापासून ते चालतच राहिले. बिनसाखरेचा चहा पहिल्या घोटाला असा लागला की ज्याने त्याचा शोध लावला त्याला त्यांनी मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. पण खरी परीक्षा वेगळीच होती. ताई त्यांना डबे पाठवू लागली. उभं राहवत नव्हतं, तरी ओट्याशी स्टूल ओढून बसायची आणि लोण्याने थबथबलेला केक करायची. "वाळलास रे, ठोंब्या. खा जरा," म्हणून वर फोन.

आजारी बहिणीने केलेलं परत कसं पाठवायचं? मास्तर डबा गाडीत ठेवत आणि शिकणाऱ्यांना वाटून टाकत. संध्याकाळी फोनवर "मस्त झाला होता हं ताई" म्हणत आणि घाईघाईने फोन ठेवून देत. अशी फसवणूक त्यांनी तिच्याशी कधी केली नव्हती.

तीन महिन्यांनी दोघं बाईंच्या समोर बसली. ताईचे डोळे पिवळे पडले होते. मास्तरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"साखर जागेवर आलीय," बाई वाचत म्हणाल्या. "ट्रायग्लिसराइड उतरलंय. आणि स्कॅनमध्ये चरबी जवळजवळ गेलीय. मास्तर, तुमचं लिव्हर चालेल."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आनंदाने ताईकडे पाहिलं, तर तिचा चेहरा पार उतरलेला.

"असं कसं होईल?" ती म्हणाली. "पुन्हा तपासा. एवढं लोणी घालून केक पाठवत होते मी याला!"

बाईंनी चष्मा काढला. मास्तरांना क्षणभर काही कळेना.

"मुद्दाम?" त्यांनी विचारलं.

"मग काय! तुला नापास करायला." ताईचा आवाज फुटला. "धडधाकट पोराचं पोट फाडायला निघालेत. मी काय, बक्कळ जगले. पण तुझं टेबलावर बरंवाईट झालं, तर मी आईला काय तोंड दाखवू?"

"मी एक कण खाल्ला नाही, ताई. सगळं शिकणाऱ्यांना वाटलं. तीन महिने एकानेही क्लास बुडवला नाही."

"आणि मस्त झाला होता म्हणून सांगत होतास?"

"खाणारे म्हणायचे तसं."

ताईला राग आवरेना आणि हसूही आवरेना. मास्तरांनी तिचा सुकलेला हात धरला. "तू गेलीस तर मी कुठे जाऊ? धोका आहे, मला माहीत आहे, बाईंनी सगळं समजावलंय. तरी मला तू हवी आहेस. आता नाही म्हणू नकोस."

ताईने नाक पुसलं आणि ती बाईंकडे वळली.

"बरं. पण बाई, थोडंच घ्या हं याच्याकडून. त्याला पुरायला हवं."

"लागेल तेवढंच घेणार," बाई म्हणाल्या. "आणि त्यांचं लिव्हर परत वाढतं."

"तरीपण. मला कमी पडलं तर चालेल."

बाईंनी तारीख ठरवायला कॅलेंडर पुढे ओढलं, आणि मास्तर तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, हुंदके देत हसू लागले.