चिंचोक्याचं बटण

“कृष्णकांतदादा, हा डबा तुम्ही स्वतःच्या डोक्यात घालून महाराजबागेतला वाघ दाखवता का?”

हे विचारायची पैज तिच्या मैत्रिणीनं, गोपिकेनं, सायकल स्टँडवरच लावली होती. “विचारून दाखव वं पुष्पे, सगळ्यांसमोर! नाहीतर बस घरी रडत.” आणि रडत बसणारी पुष्पलता आता उरली नव्हती. दहावीत गेल्यापासून तिचा आवाज कुठल्याही हॉलच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायला लागला होता. आत्ताही पोचला. विज्ञान प्रदर्शनातली सगळी गर्दी वळून त्या टेबलाकडे बघायला लागली.

टेबलावर डबा होता पुष्पलताचा आणि पाटीवर नाव होतं कृष्णकांतचं.

गल्लीत नुकतेच कुठे रंगीत टीव्ही आले होते, आणि या पोरीनं टीव्ही डोक्यात घालायचा बेत केला होता! पुठ्ठ्याचा डबा, आत दोन भिंगं, त्यांच्यासमोर तेलकागदावर रंगवलेली नागपूरची चित्रं, प्रत्येक चित्रामागे बॅटरीचा एक दिवा. डब्याच्या कानाशी बटणं. जे दाबाल ते चित्र उजळायचं, आणि माणूस बसल्या जागी फुटाळा तलावाच्या काठावर जाऊन उभा राहायचा. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. डबा घातल्यावर बटणं दिसणार कशी? मग एकदा आई, सुभद्राबाई, शेजारणीशी गप्पा हाणत सुपातले खडे वेचताना दिसली. नजर शेजारणीवर आणि खडा बरोबर चिमटीत! पुष्पलतानं त्याच दुपारी बटणांवर दाणे चिकटवले. फुटाळ्याला तांदूळ, सीताबर्डीच्या किल्ल्याला हरभरा, महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघाला चिंचोका. बोट फिरवलं की कळायचं.

हे कौतुक तिच्या वडिलांनी, रुपरावांनी, हिंगण्याच्या कारखान्यात सांगितलं आणि घात झाला. तिथल्या वामनरावसाहेबांच्या मुलाला, कॉलेजातल्या कृष्णकांतला, डबा ‘जरा पाहायला’ हवा झाला. गेला तो परत आला नाही. आज दिसला तो थेट इथे, दुसऱ्याच्या नावाखाली. सकाळी रुपरावांनीही तो पाहिला आणि मान खाली घातली. “मले साहेबांच्याच हाताखाली काम करा लागते, बेटा.”

मुख्याध्यापिकाबाईंना सांगता आलं असतं. पण पुष्पलताला न्याय नको होता. तिला त्याचं तोंड उतरलेलं बघायचं होतं, तेही भरगच्च गर्दीत. सकाळी टेबलाजवळ गेल्या गेल्याच तिला एक गोष्ट दिसली होती आणि पोटात गुदगुल्या झाल्या होत्या. या शहाण्यानं दाणे खरवडून काढले होते! गावठी वाटले असणार. त्या जागी लाल, निळा, पिवळा रंग आणि खाली टापटीप अक्षरांत नावं. सकाळपासून तो लोकांच्या डोक्यात डबा घालत होता आणि बटणं बाहेरून स्वतः दाबत होता. चूक कळणार कशी?

“खरंच की,” परीक्षक यमुताई म्हणाल्या. “घाला बरं तुम्हीच.”

कृष्णकांतनं रुबाबात डबा चढवला. हात कानाशी गेला आणि तिथेच चाचपडायला लागला. शेवटी त्यानं एक बटण दाबलं आणि आतलं चित्र बाहेर कुणाला दिसतंय, या भरवशावर ठोकून दिलं. “हा पाहा वाघ! काय पट्टे आहेत!”

बाहेर सगळ्यांना त्याचं बोट दिसत होतं. बटणाखाली ‘फुटाळा’ लिहिलेलं होतं.

“दादा, तुमचा वाघ तलावात पोहून राहिला का?” पुष्पलतानं विचारलं.

हॉलमध्ये हशा पिकला. त्यानं घाईघाईनं दुसरं बटण दाबलं. तो किल्ला निघाला. “आता किल्ल्यावर चढला वाटते वाघ!” गोपिका ओरडली. यमुताईंनी हात वर केला, तरी पुष्पलता थांबली नाही. “काहून थांबले दादा? दाबा ना, दाबा! तुमचाच डबा आहे ना?”

त्यानं डबा उपसून काढला. केस कपाळाला चिकटलेले, कान लाल. “हिनं नुसत्या बिया चिकटवल्या होत्या त्याच्यावर! बाकी—”

त्यानं जीभ चावली.

“म्हणजे डबा आधी हिच्याकडे होता,” यमुताई सावकाश म्हणाल्या आणि त्यांनी वाघाच्या बटणावर बोट फिरवलं. रंगाखाली चिंचोक्याएवढा डिंकाचा खरखरीत गोल तसाच होता. पुष्पलता कृष्णकांतच्या उतरलेल्या तोंडाकडे डोळे भरून बघत राहिली. कुल्फीसुद्धा तिनं इतक्या चवीनं कधी खाल्ली नव्हती.

प्रदर्शन आटोपल्यावर कृष्णकांत डबा बंगल्यावर घेऊन गेला, आणि संध्याकाळी रुपराव साहेबांचा निरोप घेऊन घरी आले. “साहेब म्हणतात, दोघांची नावं लावू. पहिलं कृष्णकांतचं. पुढच्या प्रदर्शनाले डबा तोच नेईल. मिटवून टाक वं आता.”

सुभद्राबाईंनी कढईखालचा स्टोव्ह बारीक केला. “तिले विचारा ना. डबा तिचा आहे.”

पुष्पलता उठून दोघांच्या मधोमध उभी राहिली.

“बाबा, आई, मी ठरवलं आहे. जोडीनं नाव लावणार नाही. उद्या यमुताईंकडे जाऊन माझं एकटीचं नाव लिहून देते. तिथून निघाली की साहेबांच्या बंगल्यावर. फाटकातूनच हाक मारीन, ‘कृष्णकांतदादा, माझा डबा द्या,’ सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. बाबा, तुम्ही सोबत आले तर बरं वाटेल. नाही आले तरी मी जाऊन राहिली.”