टमरेलाची कावीळ

"निघालं! निघालं! अगं बघ, किती पिवळं निघालं!"

कोपरखैरण्याच्या गावठाणात पंढरीशेठची चार मजली इमारत आहे. तिच्याखाली एरवी भाडेकरूंच्या बाइक उभ्या असतात. त्या गुरुवारी सकाळी मात्र तिथे मुंगीला शिरायला जागा नव्हती. मध्यभागी पाट, पाटावर बाबासो महाराज आणि महाराजांपुढे पांढरीशुभ्र परात. रोग्यानं हात ओले करून पुढे करायचे. महाराज डब्यातला अंगारा चिमटीनं घेऊन त्या हातांना चोळायचे, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे आणि तांब्यातलं पाणी हातांवर सोडायचे. वरून पडणारं पाणी स्वच्छ, परातीत साठणारं पिवळंधमक! प्रत्येक वेळी गर्दीतून "ओऽऽ" असा आवाज उठायचा आणि कोणीतरी जयजयकार करायचं.

"कावीळ तीन जातीची असती बगा," महाराज सांगत होते. त्यांची बोली घाटावरची, पण नवी मुंबईत येऊन तिला धार चढली होती. "पांढरी, पिवळी आन् काळी. मशीनला फकस्त पिवळी दिसती. तुमचा मोबाइल हँग झाला की काय करता? रिस्टार्ट. तसं हे लिव्हरचं रिस्टार्ट हाय. तीन येळा हात धुवायचे. तिसऱ्या येळेला मुळासकट भायेर!"

मी मागे खांबाला टेकून उभी होते आणि माझं डोकं फिरलं होतं. कावीळ यकृताची असते. ती हाताच्या तळव्यातून गळत असती, तर आम्ही इतकी वर्षं पुस्तकं कशाला घासली? रोज भांडी घासणाऱ्या बायकांना कधी कावीळ झालीच नसती. पण हे मनातच ठेवलं, कारण शेजारी वैजयंतीबाई उभ्या होत्या. सेक्टरातल्या लिफ्टवाल्या सोसायटीतल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या.

"तुम्ही हसताय," त्या म्हणाल्या, "पण ॲलोपॅथीत काविळीवर औषधच नाही. डॉक्टरच म्हणतात, आराम करा. मग इथे आलं तर बिघडलं काय?"

शिकलेल्या माणसाचं हे असं असतं. वाक्य अर्धं खरं असलं की त्याला पूर्ण पुरतं.

मी क्षिप्रा. साथरोगांची संशोधक. म्हणजे कुठे साथ आली की तिथे जायचं, रक्ताचे आणि पाण्याचे नमुने घ्यायचे आणि रोग कुठून आला ते शोधायचं. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, बाहेरच्या देशातून येणारा निधी आणि साथ संपली की नोकरी संपायची धास्ती. आई विचारते, "तुझं पर्मनंट कधी होणार?" मी काय सांगू, की लोक पर्मनंट आजारी पडले की?

गावठाणात कावीळ पसरली होती. मी आणि आमचा लॅब टेक्निशियन धम्मपाल घरोघर फिरत होतो. पण रक्त द्यायला कोणी हात पुढे करेना. सुई बघितली की दारं बंद. तेच हात महाराजांपुढे मात्र रांगेत उभे!

रांगेत पुढचा नंबर आला आणि मी खांब सोडून पुढे सरकले. पंढरीशेठची सून उन्नती. सातवा महिना संपलेला, डोळ्यांची बुबुळं सोडून सगळं पिवळं. सासू गोजराबाईंनी तिला धरून बसवलं. पाणी पिवळं पडलं, गर्दी ओरडली आणि उन्नती कशीबशी हसली.

ती उठल्यावर मी तिला आणि गोजराबाईंना जिन्यापाशी गाठलं.

"मावशी, हिला आजच्या आज हॉस्पिटलात न्या. ही कावीळ बाकीच्यांची आपोआप बरी होते. पोटुशीची नाही होत. जिवावर बेतू शकतं, बाळाच्याही आणि हिच्याही."

गोजराबाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. "तू ती रगात नेनारी ना? दोन वर्सांमागं पन तुमची मानसं आलती. माझा नेला, हिचा नेला, अख्ख्या आलीचा नेला. काय निघाला त्यान? कोनी फिरून सांगाया आला?"

"तो प्रोजेक्ट माझा नव्हता, मावशी."

"तुझा नसंल. सुई तर तीच हाय ना? ह्यो बाबा बग, डोल्यांदेखत दाखवतंय. दोन वेला हात धुवून जालं. शनवारी तिसरा."

त्या उन्नतीला धरून जिना चढून गेल्या.

संध्याकाळी पंढरीशेठच्या नळाच्या पाण्याचा निकाल आला. मैलापाणी. शेठनं भाडेकरूंच्या खोल्यांसाठी गावाच्या मुख्य पाइपाला जोडून स्वतःच एक लाइन ओढली होती, ती थेट गटारातून नेलेली. पाइप गंजून सडला होता. नळाला पाणी नसतं तेव्हा रिकामा पाइप गटार आत ओढतो आणि पाणी आलं की तेच गटार घराघरात पोहोचतं. कावीळ तिथून येत होती. सुनेच्या पोटात गेली ती सासऱ्याच्या पाइपातून.

मी आमचे प्रमुख नंदकुमार सर यांना फोन लावला. "सर, पाणी खराब निघालंय. गावाला सांगते, उकळून प्या म्हणून."

"तू काही सांगायचं नाहीस," सर म्हणाले. "आधी डेटा परदेशातल्या पार्टनरकडे जाईल. मग कमिटी, मग परवानग्या. आणि त्यात नवीन काय आहे? दोन वर्षांपूर्वीही तिथलं पाणी खराबच निघालं होतं. छापलंय की आपण!"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "दोन वर्षांपूर्वी? मग गावाला कोणी सांगितलं?"

"अगं, पेपर ओपन ॲक्सेस होता. कोणीही वाचू शकतं."

म्हणजे चूक गोजराबाईंचीच म्हणायची. सुकी मासळी निवडता निवडता त्या इंग्रजी जर्नल वाचत बसल्या नाहीत.

"सर, एक पोटुशी बाई आहे तिथे."

"केस म्हणून नोंद कर. आणि हे बघ क्षिप्रा, जरा करिअरचा विचार कर. अशी साथ रोज रोज मिळत नाही. यातून तुझा पेपर होईल, फेलोशिप होईल. उगाच हात दाखवून अवलक्षण नको करूस."

साथ 'मिळते'! लॉटरी लागावी तशी. मी फोन ठेवला. मग शिव्या दिल्या. त्या इथे लिहीत नाही.

शुक्रवारी मी सरांचं न ऐकता पंढरीशेठकडे गेले आणि पाइपाचं सगळं सांगितलं. शेठचा चेहरा बघता बघता बदलला.

"मॅडम, बोंब मारू नका. भाडेकरू खोल्या खाली करतील. पानी सगल्यांचा सारखाच हाय."

"तुमची सून मरेल, शेठ."

"बाबा बगतान ना तिला." दार बंद झालं.

तेव्हा मला कळलं, शेठनं महाराजांना आपल्या इमारतीखाली जागा का दिली ते. कावीळ देवाची म्हटली की पाइपाकडे कोण बघणार? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा कारभार.

आता उन्नतीला बाहेर काढायचं तर त्या परातीचं रहस्य फोडणं भाग होतं. परातीच्या काठावर मी पांढरा थर पाहिला होता. विड्याच्या पानाला लावतात त्या चुन्याचा. आणि अंगारा तपकिरी होता, राखेचा असतो तसा करडा नाही. कॉलेजात असताना अंधश्रद्धा निर्मूलनाच्या एका शिबिरात पाहिलेली अशीच युक्ती आठवली. देवळामागच्या आंब्याची साल धम्मपालनं काढली, तव्यावर सुकवली आणि स्वतःच्या आईच्या मिक्सरमध्ये दळली. आईनं त्याला झाडलं ते झाडलंच, पण मसाला छान झाला. पानाच्या टपरीवरून चुना आणला, पाण्यात कालवून निवळू दिला. वरचं पाणी काचेसारखं स्वच्छ. भुकटी चोळलेल्या हातावर ते सोडलं आणि धम्मपालच्या तोंडातून "ओऽऽ" निघालं. अगदी त्या गर्दीसारखं.

शनिवारी गर्दी दुप्पट होती. उन्नतीला तिचा नवरा केतननं जवळजवळ उचलूनच आणलं. केतन उरणला कंटेनर यार्डात कामाला, त्या दिवशी रजा टाकून आलेला. ती पेंगत होती, काही विचारलं तर भलतंच बोलत होती. कावीळ डोक्यात चढायला लागली होती. मी रांगबिंग न बघता पुढे घुसले.

"महाराज, आधी माझे हात धुवा."

महाराजांनी माझ्या पांढऱ्या डोळ्यांत बघितलं, अंगारा चोळला, पाणी सोडलं. पिवळं! "बगा! ह्या बाईच्या अंगात मुरलेली हाय, काळी! तिला ठावंबी न्हाय!"

"मला कालच तपासलंय. ठणठणीत आहे. बरं, आता यालाही बघा." पार्किंगमधल्या संडासातलं प्लास्टिकचं निळं टमरेल मी मघाशीच उचलून आणलं होतं. लोक काही समजायच्या आत महाराजांच्याच डब्यातला अंगारा ओल्या टमरेलाला फासला आणि महाराजांच्याच तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं.

परातीत पिवळंधमक पाणी पडलं.

"टमरेलाला कावीळ झाली!" धम्मपाल मागून ओरडला. "महाराज, पांढरी का काळी?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. महाराज पाटावरून उठले. "देवाची चेष्टा करता! भोगाल!"

"देव राहू द्या. डब्यात आंब्याची साल आहे आणि तांब्यात चुन्याची निवळी. एकत्र आली की पिवळी होतात. हे बघा, आमच्या डब्यातली." मी धम्मपालची भुकटी त्याच्याच हातावर चोळली, आमच्या बाटलीतलं पाणी सोडलं. तेच पिवळं. "हात कोणाचाही असू दे, कावीळ असो नसो. बरे झाले ते आपोआप बरे झाले, कारण ही कावीळ बहुतेकांची आपोआप जाते. श्रेय यांनी घेतलं. उन्नतीची जाणार नाही. केतन, रिक्षा आण!"

केतननं एकदा परातीकडे बघितलं, एकदा बायकोकडे. पंढरीशेठ पुढे आला, "आरं, थांब जरा..."

"बाबा, बाजूला व्हा," केतन म्हणाला. बापाशी तो असा कधीच बोलला नसावा. त्यानं उन्नतीला उचललं आणि गल्लीच्या तोंडाशी पळाला. मी मागोमाग. वैजयंतीबाई स्वतःचे पिवळे हात पदराला पुसत उभ्या होत्या.

उन्नती वाचली. बाळ नाही वाचलं. मुलगी होती. डॉक्टरीण म्हणाल्या, गुरुवारी आणलं असतं तर कदाचित. त्या 'कदाचित'चं काय करायचं, हे मला कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवलेलं नाही.

महाराजांचं म्हणाल तर गोंधळात ते निसटले. पोलिसात तक्रार द्यायला सही कोणी करेना, हसणाऱ्यांपैकीही नाही. हल्ली त्यांनी गाव बदललंय म्हणे. परात तीच आहे.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात गोजराबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. बाही वर केली आणि हात पुढे धरला.

"घे रगात. किती पायजे तेवडा घे. पन मना खरा सांग. दोन वर्सांमागं नेला होता, तवा काय निघाला होता?"

मला खोटं बोलता आलं असतं. 'माहीत नाही' म्हणता आलं असतं.

"तेव्हाही पाणी खराबच निघालं होतं, मावशी. आमच्या सरांना माहीत होतं. त्यांनी इंग्रजीत छापलं."

त्यांनी बाही खाली ओढली.

"मंजे तो बाबा चार दिसांचा चोर," त्या म्हणाल्या, "आनि तुमी दोन वर्सांचं."

त्याच संध्याकाळी मी गावठाणाच्या चौकात उभी राहून पाण्याचा निकाल मराठीत वाचून दाखवला, पंढरीशेठच्या पाइपासकट. शेठ शिव्या देत राहिला, पण केतननं स्वतः ती लाइन तोडली. कावीळ ओसरली. माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. 'शिस्तभंग.' सरांचा पेपर आला, कौतुक झालं, परदेशात भाषण झालं. त्यात एक ओळ होती, 'गर्भवती, एक'. ती उन्नती.

महाराजांची युक्ती तुम्हाला सांगितली. आमचीही सांगते, कारण तोही चमत्कारच आहे. इकडून गरिबाचं रक्त आत जातं, तिकडून साहेबाची बढती बाहेर येते, आणि मधे काय घडलं ते ज्याचं रक्त त्याला कधीच दिसत नाही. फरक एवढाच, की आमचं शास्त्र खरं असतं. म्हणून तर राग जास्त येतो. खरं हातात असून ते कपाटात ठेवलं, म्हणून खोट्याला पाट मिळाला.

तेव्हा बाबांनो, बायांनो, कोणी हात धुऊन कावीळ काढतो म्हणाला, तर आधी त्याला टमरेल धुवायला सांगा. पोटुशी बाई पिवळी दिसली तर वाट बघू नका, हॉस्पिटल गाठा. पाणी उकळून प्या. आणि माझ्यासारखं कोणी सुई घेऊन दारात आलं, तर हात जरूर पुढे करा, पण आधी तोंडावर विचारा, "यात काय निघालं ते सांगायला परत कधी येणार?" उत्तर मिळेपर्यंत त्याला उंबऱ्यातून हलू देऊ नका.