मानेतली नस

कचरूनं शर्ट घालणं सोडलं, त्याकडं मनकर्णाबाईचं आधी लक्षच गेलं नाही. टी-शर्ट बरे पडतात म्हणायचा. तिला वाटलं, उतारवयात हौस आली असेल. मग एकदा पाण्याचा तांब्या त्याच्या हातातून सुटला, आणि तिनं निरखून पाहिलं तेव्हा कळलं की नवऱ्याच्या बोटांना गुंड्याच लावता येत नाहीत. चितेगावच्या कंपनीच्या बसमधून उतरताना तो पायही चाचपडत टाकायचा.

निशानं, त्यांच्या लेकीनं, वडलांच्या मानेचा एमआरआय करून घेतला. जालना रोडवरच्या दवाखान्यात डॉक्टर राजनंदिनींनी फिल्म उजेडासमोर धरली.

"मणक्यातली नळी इथं अरुंद झालीये. आतला मज्जारज्जू दबतोय. ऑपरेशन करून जागा मोकळी करता येईल. पण आधीच सांगते, हे आजार थांबवायला आहे. गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नाही."

"आन् नाय केलं तर?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"हळूहळू वाढत जाईल. आणि कुठं जोरात पडले, तर हातपाय एकदम जाऊ शकतात."

बाहेर आल्यावर कचरू म्हणाला, "आपल्याला नाय करायचं. मणक्याला चाकू लागला की मानूस खाटंवरून उठत नाय. सिल्लोडच्या साडूचं बघितलं न्हवं?"

"त्यांचं कंबरंचं हुतं. लई उशिरा केलं त्यांनी."

"नाय म्हणलं ना."

त्यानंतर मनकर्णाबाईचं घरातल्या कशात मन लागेना. तो न्हाणीत गेला की ही दाराशी उभी. भांडं वाजलं तरी धावत जायची. एका सकाळी न्हाणीच्या उंबऱ्याला त्याचा पाय अडला आणि तो पुढं कोसळला. तिनं बगलेत धरला म्हणून डोकं फरशीवर आपटलं नाही. दोघंही धापा टाकत तिथंच बसले.

"मी सांगते म्हणून करा," ती म्हणाली. "वाईट झालं तर माझ्या नावानं बोला. पर करा."

त्यानं होकारार्थी मान हलवली.

ऑपरेशनच्या दिवशी निशानं दोनदा चहा आणून दिला, दोन्ही वेळा तो तसाच निवला. थिएटरचं दार उघडलं की मनकर्णाबाई उठायची, दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं की बसायची. शेवटी डॉक्टर बाहेर आल्या. नीट झालं, म्हणाल्या. आयसीयूत कचरूनं पायाची बोटं हलवली, बायकोचा हात दाबला. तिला हुंदका आवरेना.

पण वॉर्डात आणल्यावर फिजिओथेरपीवाल्या बाईंनी हात वर करायला सांगितला, तर डावा गेला, उजवा गेलाच नाही. बोटं हलत होती, मूठ वळत होती, पण खांद्यापासून हात लोंबकळत राहिला. कचरूनं त्या हाताकडं पाहिलं, मग मनकर्णाबाईकडं.

डॉक्टर राजनंदिनींनी पुन्हा पुन्हा तपासलं. "मानेतून खांद्याकडं एक नस जाते. अशा ऑपरेशननंतर काही जणांची ती कमजोर पडते. बहुतेकांची काही महिन्यांत सुधारते."

"बहुतेकांची म्हंजे सगळ्यांची नाय ना?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची नाही."

मुकुंदवाडीच्या घरी भेटायला येणारे जयभीम करून बसायचे आणि हात बघून हळहळायचे. "कशाला केलं वो? चांगला चालता फिरता मानूस." मनकर्णाबाई मान खाली घालून पाणी द्यायची. ती त्याला घास भरवायची, तो खायचा. व्यायाम करवायची, तो करायचा. त्याच्या गप्प राहण्यानं मात्र ती आतून पोखरली गेली. एका दुपारी घास तिच्या हातातच राहिला.

"बोला ना एकदाचं! तुझ्यामुळं झालं म्हणा."

कचरू दचकला. "मी कवा म्हणलो तसं?"

"म्हणत नाय, तेच तर."

"अगं, मी भ्यालोय," तो म्हणाला. "तोंड उघडलं तर रडू यील म्हणून गप हाय. हात असाच ऱ्हायला तर कंपनी ठेवल का मला?" मग थांबून म्हणाला, "पाय मातर कळाया लागले. जिना उतरताना पायरी कुठं हाय, समजती. आधी समजत न्हवती. तुला सांगायचंच ऱ्हायलं."

ती ताट बाजूला ठेवून रडली. त्यानं डावा हात तिच्या पाठीवर ठेवला.

उन्हाळा सरता सरता व्यायामासाठी टेबलावर रुमाल पसरून त्यावर ठेवलेला उजवा हात रुमालासकट पुढं सरकू लागला. पुढं कोपर उचललं जाऊ लागलं. दिवाळीच्या सुमारास हात खांद्याइतका वर आला आणि तिथं अडकला. कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये बसायचं काम दिलं. बोटांना पहिल्यापासून येणाऱ्या मुंग्या काही गेल्या नाहीत.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या, "मान चांगली आहे. हात यापुढं किती येईल, ते मी सांगू शकत नाही. व्यायाम सोडू नका."

दोघं बाहेर आले. जालना रोडवर गाड्यांचा नुसता लोंढा. रिक्षा थांबवायला कचरू फुटपाथवरून खाली उतरला आणि मनकर्णाबाई त्याच्या पाठोपाठ सरकली. त्यानं उजवा हात केला. तो खांद्यापर्यंतच गेला, रिक्षावाल्याला दिसलाच नाही, रिक्षा निघून गेली. कचरूनं मग डावा हात उंच केला. मागची रिक्षा थांबली.

"मुकुंदवाडी," तो म्हणाला आणि आधी तिला बसू दिलं.