सुंदराबाईंचं ॲक्च्युअली

विश्रांतवाडीत आमच्या गल्लीत नकाराची टंचाई कधीच नव्हती. "नाही", "जमणार नाही", "वेळ बघून बेल वाजवावी" असे सगळे प्रकार मुबलक मिळत. सुंदराबाईंनी त्यात एका इंग्रजी शब्दाची भर घातली.

तो शब्द घरात आणला त्यांच्या मुलानं, सौरभनं. तेव्हा तो शाळेत होता. "ॲक्च्युअली मम्मी, पेपर अजून तपासलेच नाहीत," असं म्हणायचा, आणि पेपर गादीखाली सापडायचे. असं दोन-चारदा झाल्यावर सुंदराबाईंनी पेपरांबरोबर शब्दही जप्त केला. सौरभच्या तोंडून तो पुन्हा कधी ऐकू आला नाही.

शब्दकोशात त्याचा अर्थ 'वास्तविक' असा दिला आहे. मी एकदा सुंदराबाईंना तसं सांगितलंही.

"असू दे की," त्या म्हणाल्या. "आम्ही वेगळ्या कामाला वापरतो."

काम एकच, नकाराचं. पण नकार त्या उच्चारत नसत. "ॲक्च्युअली..." एवढं म्हणून समोरच्याकडे मायेनं बघत राहायच्या. उरलेलं वाक्य समोरचा मनातल्या मनात पूर्ण करायचा आणि चपला शोधायला लागायचा. घराची जागा मागायला आलेला एक बिल्डर चहा पिऊन, फाइल न उघडताच गेला. महिनाभर राहायच्या तयारीनं आलेले त्यांचे एक दीर संध्याकाळच्या गाडीनं परतले, आणि जाताना वहिनी स्वभावानं फार चांगली म्हणून सांगून गेले.

त्यांचे यजमान सीतारामभाऊ. उभा जन्म कारखान्यात काढला, पण 'नाही' म्हणायला शिकले नाहीत. गरजच पडली नाही. कोणी काही मागितलं की भाऊ "बरं" म्हणायचे आणि स्वयंपाकघरातून "ॲक्च्युअली" ऐकू यायचं. संसार असा उत्तम चालला होता.

गेल्या वर्षी सुंदराबाई गेल्या. पुण्यानुमोदनाला सगळी गल्ली येऊन बसली होती. वंदना संपली, आणि त्या घरातली शांतता आम्ही पहिल्यांदाच ऐकली.

मग भाऊंचा व्हरांडा भरू लागला. आधी वरच्या मजल्यावरच्यांची सायकल आली, मग मंडळाचे स्पीकर, मग एक लाकडी कपाट. भाऊ सगळ्यांना "बरं" म्हणाले. कपाट माझं होतं, पण तो इथे मुद्दा नाही.

मुद्दा सौरभचा. तो हिंजवडीला, खिडकीतून ढग दिसतील इतक्या उंच राहतो. मुलगा गुणी. पप्पांनी एकटं राहू नये, आपल्याकडे यावं, इकडचं घर भाड्यानं द्यावं, असं त्याचं म्हणणं. भाऊ "बरं" म्हणाले. रविवारी टेम्पो यायचं ठरलं.

शनिवारी संध्याकाळी भाऊ माझ्याकडे येऊन बसले. मी चहा पुढे केला.

"हे घर तिनं राखलं हो," ते म्हणाले. "आणि माझ्या एका 'बरं'नं जाणार."

मी म्हटलं, सरळ नाही म्हणून सांगा. सराव करू, मी सौरभ होतो. भाऊंनी दोनदा घसा साफ केला. पहिल्या खेपेला "नाही... म्हणजे, बघू" असं निघालं. दुसऱ्या खेपेला त्यांनी मलाच चहाबद्दल धन्यवाद दिले.

रविवारी टेम्पो आला. गल्लीतल्या सगळ्यांना नेमकी त्याच वेळी दारातली झाडलोट आठवली. मीही झाडू घेऊन उभा होतो. सौरभ आणि त्याची बायको ऋतुजा सामान बाहेर काढत होते. टीव्ही न्यायचा ना, पप्पा? बरं. पलंग राहू दे? बरं. मग सौरभनं सुंदराबाईंचं शिलाई मशीन व्हरांड्यात आणलं. त्याच मशीनवर त्याचे शाळेचे शर्ट शिवलेले.

"पप्पा, हे तिकडे मावणार नाही. देऊन टाकू या ना कुणाला?"

भाऊंनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. चाक जरासं फिरलं.

"ॲक्च्युअली..." भाऊ म्हणाले.

पुढे काही नाही. बहुधा पुढचं त्यांनाही माहीत नव्हतं. पण सौरभकडे मायेनं बघत राहिले, अगदी तसंच. माझा झाडू थांबला. समोरच्या शर्मिलाताईंचाही.

सौरभ ताठ उभा राहिला. इतका मोठा इंजिनिअर, पण गादीखाली पेपर असल्यासारखा.

"ॲक्च्युअली काय, पप्पा?" ऋतुजानं विचारलं. ती या घरात उशिरा आली, तिचा दोष नाही.

"काही नाही गं," सौरभ हळूच म्हणाला. "सांगून झालं त्यांचं."

त्यानं मशीन उचलून खिडकीपाशी, पूर्वीच्या जागी नेऊन ठेवलं. टीव्ही परत भिंतीवर लावला. टेम्पोवाल्याला रिकाम्या फेरीबद्दल जे बोलायचं होतं, ते तो मराठीतच बोलला. निघताना सौरभ म्हणाला की दर रविवारी आम्हीच येत जाऊ. भाऊ "बरं" म्हणाले.

सोमवारी सायकल वर गेली. मंगळवारी मंडळानं स्पीकर नेले. बुधवारी मी भाऊंकडे गेलो आणि कपाटाचं काय ते बोलून टाकावं म्हणून तोंड उघडलं. भाऊंनी आधी चहा दिला, मग माझ्याकडे फार मायेनं पाहिलं.

कपाट आता माझ्या दिवाणखान्यात आहे. मावत नाही, पण आहे.