पन्नास, चाळीस, तीस, वीस

योगराज जाऊन सव्वा महिना झाला, आणि त्याच्या घरी पोलंडहून पत्र आलं.

पत्र म्हणजे फोनवरचंच. सून उज्ज्वला साडीचे धागे कापता कापता थांबली, फोनकडे बघत राहिली. प्रमिलाबाईंनी कात्री खाली न ठेवता विचारलं, "आता कोण मेलं?"

"कोणी नाही, आत्या. ह्यांच्या विमानाचं आहे."

विमान! सुरतमधल्या लिंबायतच्या त्या दीड खोलीत हा शब्द काढायची सोय राहिली नव्हती. योगराज लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, यंत्रं दुरुस्त करणारा मास्तर होता. बिघडलेला लूम नुसत्या आवाजावरून ओळखायचा. बारा तास ती खडखड ऐकून घरी यायचा, दोन घास खायचा आणि कॉम्प्युटरपुढे बसून विमान बांधायचा. विमान चालवायचा एक खेळ जगभरची माणसं मिळून बनवतात. कोणी धावपट्ट्या करतं, कोणी ढग, कोणी विमानं. ना कोणी पैसा घेत, ना कोणी देत. योगराजने दीडशे माणसांचं प्रवासी विमान अंगावर घेतलं होतं. चार वर्षं त्यात गेली. पंखाची पट्टी, चाकाचा दांडा, दाराची कडी, सगळं टिंबाला टिंब जोडून. त्या लोकांचा नियम कडक. दुसऱ्याचा उचललेला फोटो चालत नाही, उचललेला आवाज चालत नाही. म्हणून हा बाबा दर रविवारी डुमस रोडला जाऊन विमानतळाच्या कुंपणाशी उन्हात उभा राहायचा आणि स्वतः फोटो काढायचा. आयुष्यात विमानात एकदाही बसला नाही.

"लोकांची पोरं घर बांधतात, माझं पोरगं विमान बांधतं," प्रमिलाबाई गल्लीत सांगायच्या. "तेही वाटून टाकायला. कर्णाचा अवतार!"

योगराज हसायचा. त्याला त्यांचं बोलणं कधी लागलं नाही. लागलं ते त्यांनाच, त्याचं.

होळीच्या आधीची गोष्ट. तो त्यांच्यापुढे मांडी घालून बसला आणि म्हणाला, "माय, माले तुना आवाज जोयजे."

विमान उतरताना जमीन किती फूट राहिली ते विमानच बोलून सांगतं. पन्नास, चाळीस, तीस, वीस, दहा. चालवणाऱ्याला समोरून नजर काढावी लागत नाही. योगराजला ते मराठीत हवं होतं, आणि आईच्या आवाजात.

"दुसऱ्या कोणाचा घे," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"लहानपणी मी पाण्याच्या टाकीवर चढायचो तेव्हा मला खाली कोण उतरवायचं? सगळी गल्ली ओरडायची, पण मी उतरायचो तुझ्याच हाकेवर."

त्या विरघळल्या. पदर डोक्यावर घेतला, पाठ ताठ केली, फोनसमोर तोंड नेलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दोन विसा नि दहा!"

त्यांचं मोजणंच तसं. शाळा दुसरीपर्यंत, पुढचं सगळं गणित साड्यांच्या थप्प्यांवर. वीस साड्यांची एक थप्पी. एक वीस, दोन विसा, तीन विसा. चाळीस वर्षांत त्यांची एक साडी कमी-जास्त झाली नव्हती.

योगराज पोट धरून हसला. "माय, तुझं 'नि दहा' होईस्तोवर विमान जमिनीत घुसेल!" उज्ज्वलाही तोंडाला पदर लावून हसली.

झालं. प्रमिलाबाई उठल्या. "अडाणी बाईच्या आवाजाने तुझी माणसं मरतील. शिकलेली कोणी बघ."

त्याने माफी मागितली. नंतर तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी मेले की घे माझा आवाज. तोवर नाव काढू नको."

त्यानंतर आठव्या दिवशी खात्यात तो लूम बंद करायला वाकला तो उठलाच नाही. वय चौतीस.

"काय म्हणतो तो पोलंडवाला?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

उज्ज्वला बारावी शिकलेली. तिने फोनकडून मराठी करून घेतलं होतं, ते वाचलं. "पाव्हेल म्हणून आहे, विमानाच्या कामात ह्यांच्या जोडीला असायचा. तो म्हणतो, योगराजने शेवटी लिहून ठेवलं होतं: आवाजाच्या पाच जागा रिकाम्या ठेवा. आईचा आवाज येणार आहे. ती हो म्हणेल. थांबा." उज्ज्वलाने फोन मांडीवर ठेवला. "ते लोक थांबलेत, आत्या. रविवारी नवं विमान सगळ्यांसाठी निघतंय. मशीनचा आवाज घालू का, असं विचारतो."

प्रमिलाबाईंनी खाली बघितलं तर चाळीस वर्षांत पहिल्यांदा कात्री धागा सोडून साडीत शिरली होती.

"मला ते विमान दाखव," त्या म्हणाल्या.

"कशावर दाखवू?" उज्ज्वलाने वर पाहिलं. "कॉम्प्युटर तुम्हीच दिलात ना."

दिला होता. सुतक फिटलं त्या गंधमुक्तीच्या दिवशी योगराजचे कपडे, चपला, घड्याळ आणि कॉम्प्युटर, सगळं त्यांनी भेस्तानच्या बहिणीच्या मुलाला, विठ्ठलला दिलं. उज्ज्वला तेव्हा कॉम्प्युटरच्या पेटीवर हात ठेवून उभी राहिली होती. "एवढं राहू द्या, आत्या." पण गेलेल्याच्या वस्तूत जीव अडकतो, रीत म्हणजे रीत, असं म्हणून त्यांनी स्वतः तिचा हात बाजूला केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या रिक्षाने भेस्तानला गेल्या. विठ्ठल दारातच अडखळला. "मावशी, गंधमुक्तीला दिलेलं परत नेत नसतात."

"मी नेते. पाप लागलं तर मला लागेल. तुला का घाम फुटला?"

"नेण्यासारखं त्यात काही राहिलं नाही ना." तो मान खाली घालून म्हणाला, "तूच म्हणाली होतीस, त्याचं काही मागे ठेवू नको. मी सगळं पुसून घेतलं."

एरवी प्रमिलाबाईंच्या तोंडून अशा वेळी असं काही निघालं असतं की विठ्ठलने आठवडाभर जेवण सोडलं असतं. पण त्याने केलं ते त्यांच्याच सांगण्यावरून केलं होतं. ती रिकामी पेटी पोटाशी धरून त्या रिक्षात बसल्या, आणि खड्डा आला की वरून हात ठेवत राहिल्या.

घरी आल्यावर उज्ज्वलाने वायरी जोडल्या. "ह्यांनी घरात ठेवलेलं सगळं गेलं," ती म्हणाली. "जगाला वाटून टाकलं तेवढं आहे. ते परत घेता येतं."

खेळ आणि विमान नेटवरून उतरवून घ्यायला दुपारचे चार वाजले. प्रमिलाबाई तोवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. ज्या वाटण्याला त्या चार वर्षं नावं ठेवत आल्या, तेच उरलं होतं. घरातलं होतं ते त्यांनी आपल्या हाताने वाटलं होतं.

पडद्यावर विमान आलं. पांढरं, लांब, खिडक्यांची रांग. नवऱ्याला बघून बघून उज्ज्वलाला बटणं ठाऊक होती. विमान सुरतेवर आलं. खाली खाडी चकाकत होती. पोटाचं दार उघडलं, चाकाचा दांडा आधी जरा मागे गेला, मग झोकात खाली आला. प्रमिलाबाई पुढे सरकल्या. लूमचा दांडा असाच चालतो. नवऱ्याच्या डब्यासाठी त्या खात्यात जायच्या तेव्हापासून ती चाल त्यांच्या डोळ्यात होती. पोराने ती विमानात बसवली होती.

"आता ऐका," उज्ज्वला म्हणाली.

ऐकायला काही नव्हतं. जमीन वर येत राहिली, वारा घोंघावत राहिला. जिथे कोणीतरी बोलायचं तिथे कोणी बोललं नाही. चाकं टेकली.

"पाच जागा," उज्ज्वला म्हणाली.

दोन दिवस प्रमिलाबाई भांडी घासताना पुटपुटत होत्या. पन्नास. दोन विसा... नाही, चाळीस. शनिवारी दुपारी त्यांनी केस विंचरले, डोक्यावर पदर घेतला आणि येऊन बसल्या. "हसलीस तर थोबाड फोडीन."

"हसणारा गेला, आत्या," उज्ज्वला म्हणाली आणि फोन पुढे धरला.

"पन्नास," प्रमिलाबाई म्हणाल्या. भांडल्यासारख्या. "चाळीस." मग श्वास घेतला. "तीस." आवाज खाली आला. "वीस" म्हणताना तो टाकीखालचा आवाज झाला होता. हळू, वर बघणारा, घाबरलेला, पण पोराला कळू न देणारा.

मग त्यांचं तोंड उघडं राहिलं.

उज्ज्वलाने वाट बघितली. "दहा राहिलं, आत्या."

"नाही."

"एकच शब्द आहे. म्हणून टाका."

"दहा म्हटलं की तो टेकला, उज्ज्वला. मग झालं. मग मला त्याला काही सांगायचं राहत नाही." त्यांनी पदराने तोंड पुसलं, डोळे तसेच ठेवले. "चार पाठव."

"आणि पाचव्याचं काय सांगू?"

"त्याने लिहिलंय तेच राहू दे म्हणावं. ती हो म्हणेल. थांबा."

उज्ज्वलाने चार आवाज पाठवले. मग तेच कॉम्प्युटरवर घालून विमान पुन्हा खाली आणलं. प्रमिलाबाईंनी आपला आवाज पहिल्यांदा ऐकला. पन्नास, चाळीस, तीस, वीस. मग वारा.

"वर ने," त्या एकदम म्हणाल्या. "परत वर ने त्याला."

चाकं टेकायच्या आत उज्ज्वलाने विमान उचललं.