अक्षरं कापलेले टी-शर्ट

अवनीच्या पत्राला दत्तप्रसाद उपासनींनी चौदा महिने उत्तर दिलं नव्हतं. मुलीचं पत्र, तेही जेमतेम चार ओळींचं. "बाबा, एकदा वारज्याला येऊन माझं काम बघा. यायचं नसेल तर तसं लिहा. फोनवर तुम्ही नुसतं 'बरं' म्हणता." उत्तराचे नऊ मसुदे त्यांनी लिहिले आणि नऊही फाडले. एकात स्वतःचीच बाजू जास्त मांडली गेली, दुसऱ्यात माफी इतकी लांबली की त्यांची त्यांनाच खोटी वाटायला लागली.

चूक त्यांचीच होती. बँकेतली नोकरी सोडून अवनी जुन्या टी-शर्टांच्या पट्ट्यांपासून सतरंज्या विणायला लागली, तेव्हा पाहुण्यांसमोर ते बोलून गेले होते, "एम.कॉम. होऊन शेवटी पायपुसणी." पाहुणे हसले. अवनी कप उचलून आत गेली, आणि त्या दिवसानंतर पुन्हा या घरी आली नाही.

मंगळवारी जावयाचा, शुभंकरचा फोन आला. त्याची नागपूरला बदली झाली होती. सोमवारी सामान हलणार, शनिवारी दुपारी अवनीचा विणायचा माग उतरवणार. दत्तप्रसाद "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून पुण्यात कसब्यातल्या आपल्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालू लागले. शब्द जमत नाहीत तर आपणच एक सतरंजी विणून पाठवावी, असं त्यांच्या मनाने घेतलं.

अवनीचे कॉलेजातले टी-शर्ट कपाटात तसेच होते. फळीच्या दोन्ही टोकांना खिळे ठोकून त्यांनी सुतळी ताणून बांधली. टी-शर्ट खालच्या काठापासून गोल गोल कापत गेलं की एक सलग लांब पट्टी निघते, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. पण छातीवरच्या छपाईपाशी कात्री अडायची. तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेली. कागदाला पाय लागला तरी त्याला हात लावून तो कपाळाशी न्यायचा. अक्षरं पायाखाली घालायची कशी? ते छपाई तेवढी कापून बाजूला ठेवत. एका शर्टाच्या पाठीवर अख्ख्या वर्गाची नावं होती, त्याचं निम्मं कापडच गेलं. मग तुकड्याला तुकडा गाठ मारून विणणं आलं. सैल राहील या धास्तीने प्रत्येक ओळ ते खेचून घट्ट करत. मधेच उठत, घड्याळ बघत, पुन्हा बसत. बुधवार असाच गेला.

गुरुवारी सकाळी भांड्यांना येणाऱ्या वेणूबाईंना जमिनीवर ती सतरंजी दिसली. मधोमध आवळून तिचा डमरू झाला होता. वेणूबाईंनी तिच्यावर पाय ठेवला आणि लगेच उचलला.

"काका, ह्याच्यावर पाय पुसायचे का सोलायचे?"

अक्षरं काढावी लागली, म्हणून गाठी आल्या, असं त्यांनी ओशाळून सांगितलं. वेणूबाईंनी छपाईच्या तुकड्यांच्या ढिगाकडे पाहिलं.

"मग अवनीताई काय करतात हो अक्षरांचं? त्यांच्याकडं तर रोजच येत असतील."

दत्तप्रसादांना ठाऊक नव्हतं. तिच्या कामाविषयी असा एकही प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

वेणूबाई आत भांडी घासत होत्या तेवढ्यात त्यांनी कागद ओढला. "चि. अवनी, मी सतरंजी विणायला घेतली, ती बिघडली. टी-शर्टवरच्या अक्षरांचं तू काय करतेस? मी पायपुसणी म्हणालो, ते मूर्खपणाचं होतं. माग उतरवायच्या आधी, शनिवारी सकाळी येतो. मला दाखव. बाबा." 'मूर्खपणाचं'ऐवजी दुसरा शब्द हवा असं वाटून पेन पुन्हा टेकलं, पण त्यांनी घाईने पाकीट चिकटवलं आणि चपला घातल्या.

पोस्टातल्या बाईंनी पत्ता वाचून चष्म्यावरून पाहिलं.

"वारजे? आजोबा, बसने तासाभरात पोचाल की."

"जाणार आहे," दत्तप्रसाद म्हणाले. "पण हे माझ्या आधी पोचायला हवं."

बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.