डागाखालची ओळ

"एडिटेबल म्हंजे काय वो?" खुर्ची स्क्रीनजवळ ओढत यादोरावांनी विचारले.

"म्हंजे याच्यात मंग काहीबी बदलता येते जी, काकाजी," कॉम्प्युटरवर बसलेली साधना म्हणाली.

झाले! नेमकी हीच धास्ती होती. यादोरावांनी काखेतली कापडी पिशवी आणखी घट्ट आवळली.

पिशवीत वही होती. गावचा विहार बांधताना कोणी किती दिवस श्रमदान केले, ते त्यांच्या वडिलांनी साठ वर्षांपूर्वी त्यात लिहून ठेवले होते. यादोरावांचे आयुष्य ग्रामपंचायतीत साहेबांना पाणी देण्यात गेले. पण दर धम्मचक्र दिनी विहारात उभे राहून ते ही नावे वाचत, तेव्हा सारा गाव त्यांच्या तोंडाकडे बघे. वहीत असेल तेच खरे, असा त्यांचा खाक्या.

आता विहार समितीच्या भूपेंद्रला ही नावे स्मरणिकेत छापायची होती. यादोराव वही देईनात, तेव्हा बेट्याने कॅमेरा आणून त्यांच्याच ओसरीत पाने टिपली. शहापूरच्या या कॉम्प्युटर सेंटरमध्ये कॅमेऱ्याचे कार्ड दिले आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेला. किती साळसूद! त्याची आजी शकुनबाई पूर्वी ज्याला त्याला सांगत असे, की मी एकवीस दिवस गोटे वाहिले. यादोरावांनी भर सभेत तिला सुनावले होते, "वहीत नाई तुमचं नाव." म्हातारी पदर सावरून खाली बसली, ती त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. आता नातू तेच नाव घुसवणार, यात यादोरावांना तिळमात्र शंका नव्हती.

"फोटो हायेत तं सरळ छाप नं. हे कायले करून राहिली?"

"कच्चे फोटो हायेत जी, रॉ फाइल. आधी उजळ करा लागते, मंग मशीन अक्षर वाचते, मंग वर्डमध्ये येते. चुकलं तं मी दुरुस्त करते."

"दुरुस्त! मी पाहूनच राहिलो."

वहीवर बोट ठेवून ते एकेक नाव ताडू लागले. अठरा नावे जुळली. मग निळा डाग आला.

"तिथं शाई सांडली. समोर चाल."

"थांबा जी. कच्च्या फोटोत सारे रंग राहतात." साधनाने निळा रंग उतरवत नेला. डाग फिका पडला आणि खालून काळी अक्षरे वर आली. शकुनबाई. एकवीस दिवस.

"हे तू लिवलं? त्यानं सांगतलं तुले?" यादोराव ओरडले.

"माहा हात तं माउसवर हाये, काकाजी. अक्षर तुमीच पाहा नं."

अक्षर वडिलांचे होते. त्यांनी चष्मा पुसला आणि वहीतला डाग खिडकीच्या उजेडात धरला. सांडलेली शाई पसरते. ही आडव्या रेघा ओढून भरली होती. शेवटच्या पानावर वडिलांची सही होती, तीही याच निळ्या शाईत. काहून खोडले असेल बाबानं? विचारायला ना बाप उरला होता, ना ती म्हातारी. सभेत खाली बसणारी शकुनबाई आठवली आणि यादोरावांना स्वतःची लाज वाटली.

"काय करू जी? डाग तसाच सोडून देऊ?"

त्यांनी दाराकडे पाहिले. भूपेंद्र अजून टपरीवरच होता. त्याला काही म्हणजे काही कळले नसते.

"टाइप कर," यादोराव म्हणाले. "शकुनबाई. एकवीस दिवस. तिच्या जाग्यावरच."

साधनाने टाइप केले.

"पोरी, आता हे कोनाले खोडता नाई आलं पायजे, असं काही होते का?"

"पीडीएफ करून देते नं."

"कर. आन् भूपेंद्रले आवाज दे."

भूपेंद्र आत आला. यादोरावांनी वही त्याच्या हातात ठेवली.

"औंदा नावं तू वाच."

"मी? काहून जी, काकाजी?"

"एकोणिसावं नाव जरा जोऱ्यानं वाचजो," यादोराव म्हणाले, आणि रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले.